क्वेसारमधील वायुप्रवाहांचे कालानुरूप बदल : निरीक्षणे आणि अन्वयार्थ

गोषवारा

क्वेसारच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराच्या परिसरातून प्रचंड वेगाने वायू बाहेर फेकला जातो. या वायूचे अस्तित्व क्वेसारच्या वर्णपटातील रुंद शोषणरेषांवरून कळते. गेल्या तीन दशकांतील निरीक्षणांवरून असे आढळून आले आहे की, या शोषणरेषा काही महिन्यांत किंवा वर्षांत खोल वा उथळ होतात, क्वचित पूर्णपणे नाहीशा होतात, तर काही नव्याने उमटतात. या बदलांची दोन प्रमुख स्पष्टीकरणे दिली जातात. त्यांपैकी कोणते स्वीकारावे यावर वायूचे कृष्णविवरापासूनचे अंतर आणि त्या प्रवाहातील ऊर्जा यांचे अनुमान अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या निरीक्षणांचा व त्यांच्या अन्वयार्थाचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : क्वेसार, कृष्णविवर, वायुप्रवाह, शोषणरेषा, आयनीकरण, दीर्घिकांची उत्क्रांती.

१. प्रस्तावना

खगोलीय घटनांचा कालावधी मानवी आयुष्याच्या तुलनेत फार मोठा असतो, असे सामान्यपणे मानले जाते. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे असते आणि दीर्घिकांच्या घडणीला त्याच प्रमाणात काळ लागतो. त्यामुळे ज्या वस्तू आपल्यापासून शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत आणि ज्यांचे तेज संपूर्ण दीर्घिकेहून अधिक आहे, त्यांच्यात एखाद्या संशोधकाच्या कारकिर्दीत ठळक बदल दिसावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी आश्चर्याची वाटते. क्वेसारच्या बाबतीत मात्र असे बदल प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत.

क्वेसारचे खरे स्वरूप १९६३ मध्ये उघडकीस आले. ३सी २७३ या रेडिओस्रोताचे अचूक स्थान १९६२ मध्ये चंद्राच्या पिधानावरून निश्चित करण्यात आले होते. त्या स्थानी असलेल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचा वर्णपट मार्टेन श्मिट यांनी पालोमार येथील दुर्बिणीने मिळवला. त्यातील अनोळखी भासणाऱ्या रेषा म्हणजे हायड्रोजनच्याच परिचित रेषा असून त्या तांबड्या टोकाकडे सुमारे १६ टक्के सरकल्या आहेत, हे त्यांनी ओळखले. या ताम्रसृतीवरून ही वस्तू सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे असा निष्कर्ष निघाला. इतक्या दूर असूनही ती लहान दुर्बिणीतून दिसते, यावरून तिच्या तेजाची कल्पना येते. सूर्याच्या कोट्यवधी पटींपासून अब्जावधी पटींपर्यंत वस्तुमान असलेल्या कृष्णविवरात वायू खेचला जात असताना त्याची तबकडी बनते, ती तप्त होते आणि प्रखर प्रारण उत्सर्जित करते, हे या तेजाचे आज सर्वमान्य झालेले स्पष्टीकरण होय.

तथापि, कृष्णविवराकडे येणारा सर्वच वायू आत जात नाही. त्यातील काही भाग वाऱ्यासारखा बाहेर फेकला जातो. हा बहिर्गामी वायू हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. वायुप्रवाहाची ओळख कशी पटते?

क्वेसारचा तेजस्वी भाग आणि निरीक्षक यांच्यामध्ये वायू असेल, तर त्यातील अणू व आयन विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. वर्णपटात त्या ठिकाणी अंधारी रेषा दिसते. वायू निरीक्षकाच्या दिशेने येत असल्यास ही रेषा निळ्या टोकाकडे सरकते आणि सरकण्याच्या प्रमाणावरून वायूचा वेग काढता येतो.

या अभ्यासात तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बन आयनाची रेषा विशेष उपयुक्त ठरली आहे. तिची मूळ तरंगलांबी सुमारे १५४९ अँगस्ट्रॉम, म्हणजे अतिनील विभागात आहे. पृथ्वीचे वातावरण हा प्रकाश अडवते. परंतु क्वेसारची ताम्रसृती २ असेल, तर हीच रेषा तिप्पट तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे ४६४७ अँगस्ट्रॉमवर येते आणि जमिनीवरील दुर्बिणीला दिसते. आता समजा, काही वायू सेकंदाला २०,००० कि.मी. वेगाने आपल्याकडे येत आहे. त्याची शोषणरेषा ४६४७ ऐवजी सुमारे ४३४७ अँगस्ट्रॉमवर दिसेल. सुमारे ३०० अँगस्ट्रॉमचा हा फरक साध्या वर्णपटमापकालाही सहज मोजता येण्याजोगा आहे.

१९६७ मध्ये रॉजर लिंड्स यांनी पीएचएल ५२०० या क्वेसारच्या वर्णपटात अशा अतिशय रुंद शोषणरेषांचे वर्णन केले. पुढे १९९१ मध्ये रे वेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा क्वेसारच्या निवडीसाठी संख्यात्मक निकष मांडला. शोषण सलग किमान २००० कि.मी. प्रतिसेकंद इतक्या वेगविस्तारात पसरलेले असावे, ही त्यातील मुख्य अट होय. दृश्य प्रकाशातील सर्वेक्षणांत आढळणाऱ्या क्वेसारपैकी साधारणतः १० ते २० टक्के या वर्गात मोडतात. याचा एक अर्थ असा की, बहुतेक क्वेसारमधून वायू बाहेर पडत असावा, पण तो सर्व दिशांना सारखा पसरलेला नसल्याने आपल्या दृष्टिरेषेत काहींच्याच बाबतीत येतो. दुसरा अर्थ असा की, वायुप्रवाह ही क्वेसारच्या आयुष्यातील विशिष्ट अवस्था आहे. हे दोन्ही अर्थ परस्परविरोधी नाहीत, दोहोंत तथ्यांश असू शकतो.

३. वायूला वेग कोठून मिळतो?

सेकंदाला हजारो कि.मी. वेग देणारे बळ कोणते, या प्रश्नाचे सर्वाधिक विचारात घेतले गेलेले उत्तर म्हणजे प्रारणदाब. प्रकाशकणांना संवेग असतो व ते शोषले गेले की तो संवेग वायूला मिळतो. मुक्त इलेक्ट्रॉनवर पडणारा प्रारणदाब तुलनेने अल्प असतो. आयनांच्या असंख्य शोषणरेषा मात्र अतिनील प्रकाश कितीतरी अधिक कार्यक्षमतेने अडवतात व त्यामुळे मिळणारा रेटा अनेक पटींनी वाढतो. प्रखर उष्ण ताऱ्यांपासून वाहणाऱ्या वाऱ्याचे स्पष्टीकरण याच तत्त्वावर १९७५ मध्ये कॅस्टर, अ‍ॅबट व क्लाइन यांनी दिले होते.

क्वेसारच्या बाबतीत एक अडचण उद्भवते. कृष्णविवराजवळून येणारे क्ष-किरण वायूतील अणूंचे बहुतेक इलेक्ट्रॉन काढून टाकतात. इलेक्ट्रॉनच उरले नाहीत तर शोषणरेषाही उरत नाहीत आणि रेटा संपतो. १९९५ मध्ये नॉर्मन मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोडगा सुचवला. तबकडीच्या आतील भागातील दाट वायू क्ष-किरणांसमोर आडोसा धरतो आणि त्यामागील वायू पुरेसा थंड राहून अतिनील प्रकाशाच्या रेट्याने वेग घेतो, असे हे प्रतिमान आहे. रुंद शोषणरेषा असलेले क्वेसार क्ष-किरणांत अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, हे निरीक्षण या प्रतिमानाशी सुसंगत आहे. या प्रतिमानातून पुढील अपेक्षाही निघते : आडोसा स्थिर नसेल, तर त्यामागील वायूची स्थितीही बदलत राहील.

४. बदलांची निरीक्षणे

एकाच क्वेसारचा वर्णपट काही वर्षांच्या अंतराने पुन्हा घेणे, ही या अभ्यासाची मूलभूत पद्धती आहे. येथे कालगणनेसंबंधी एक खबरदारी घ्यावी लागते. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या घटना आपल्याला मंदावलेल्या दिसतात. ताम्रसृती २ असलेल्या क्वेसारमधील ३ वर्षांचा बदल पृथ्वीवर ९ वर्षांत पाहावयास मिळतो. पुढील विवेचनातील कालावधी क्वेसारच्या स्वतःच्या कालमानानुसार दिले आहेत.

डॅनिएल कॅपेलुपो व सहकाऱ्यांनी २४ क्वेसारचा अभ्यास करून २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार ते नऊ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या वर्णपटांत ३९ टक्के क्वेसारमध्ये बदल आढळला. हेच अंतर ३.८ ते ७.७ वर्षे केले असता प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले. कालावधी जितका अधिक तितकी बदलाची शक्यता अधिक, हे यावरून स्पष्ट होते. बदल बहुधा संपूर्ण शोषणरेषेत न होता तिच्या काही भागांत होतात, तसेच उथळ रेषांत व अधिक वेगाच्या वायूत ते जास्त आढळतात, हेही या अभ्यासमालेतून पुढे आले.

मोठ्या संख्येवर आधारित अभ्यास स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेमुळे शक्य झाला. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अपाची पॉइंट येथे २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने २००० पासून हे सर्वेक्षण सुरू आहे. नुराय फिलिझ अक व सहकाऱ्यांनी त्यातील ५८२ क्वेसारचे १.१ ते ३.९ वर्षांच्या अंतराने घेतलेले वर्णपट तपासले. त्यांपैकी १९ क्वेसारमध्ये मिळून २१ शोषणरेषा पूर्णपणे नाहीशा झाल्याचे २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले. तपासलेल्या एकूण शोषणरेषांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे २.३ टक्के होते. सुमारे अडीच वर्षांत २.३ टक्के रेषा नाहीशा होत असतील, तर साध्या त्रैराशिकाने एका रेषेचे सरासरी आयुष्य शतकभराचे ठरते. अर्थात हे आयुष्य संपूर्ण वायुप्रवाहाचे नाही. आपल्या दृष्टिरेषेत तो वायू दिसत राहण्याचा हा काळ आहे. पुढे २०१८ मध्ये डेमेट्रा दे चिको व सहकाऱ्यांनी १३१९ क्वेसार तपासले असता ६७ क्वेसारमध्ये अशी घटना आढळली. रेषा नव्याने उमटण्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे येथील आयुका या संस्थेची गिरवली वेधशाळा पुण्यापासून सुमारे ८० कि.मी. अंतरावर, पुणे-नाशिक महामार्गापासून थोड्या आतल्या बाजूस आहे. तेथील २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. एम. विवेक, आर. श्रीआनंद व सहकाऱ्यांनी या दुर्बिणीच्या साहाय्याने अशा क्वेसारचा पाठपुरावा केला. सुमारे ०.९२ ताम्रसृती असलेल्या एका क्वेसारमधील मॅग्नेशियमच्या रुंद शोषणरेषेत झालेले अत्यंत तीव्र बदल त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१४ मध्ये त्यांनी कमी आयनीकरण असलेल्या २२ क्वेसारचा अभ्यास मांडला. जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणी एकाच वस्तूसाठी वर्षानुवर्षे उपलब्ध होत नाहीत. मध्यम आकाराच्या दुर्बिणीने चिकाटीने केलेली निरीक्षणे अशा विषयात मोलाची ठरतात, हे या कार्यावरून लक्षात येते.

एक अपेक्षित बदल मात्र क्वचितच आढळतो. वायूला सतत रेटा मिळत असेल, तर शोषणरेषा हळूहळू निळ्या टोकाकडे सरकावी. कॅथरीन ग्रीअर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १४० क्वेसारमध्ये याचा शोध घेतला. दोन क्वेसारमध्ये वेगवृद्धीची व एकात वेग घटल्याची चिन्हे आढळली. अर्थात, रेषांची खोली वारंवार बदलते, वेग मात्र बहुतेकदा कायम राहतो. कोणत्याही स्पष्टीकरणाला या वस्तुस्थितीचा मेळ घालावा लागतो.

५. बदलांची दोन स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण वायूच्या आडव्या गतीचे आहे. सूर्यासमोरून ढग सरकला की ऊन कमी होते व तो पुढे गेला की पुन्हा वाढते. त्याचप्रमाणे वायूचा एखादा पुंजका तेजस्वी तबकडीसमोर आला की रेषा खोल होते आणि दूर सरकला की ती उथळ होते. या कल्पनेवरून अंतराचा अंदाज करता येतो. सूर्याच्या १०० कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती अतिनील प्रकाश देणाऱ्या भागाचा व्यास १०,००० कोटी कि.मी., म्हणजे सुमारे चार प्रकाशदिवस धरू. एवढे अंतर एका वर्षात ओलांडण्यासाठी पुंजक्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे ३२०० कि.मी. हवा. हा वेग कक्षीय गतीमुळे आहे असे मानल्यास केप्लरच्या नियमानुसार पुंजक्याचे कृष्णविवरापासूनचे अंतर सुमारे ०.४ पार्सेक, म्हणजे १.४ प्रकाशवर्षे येते.

दुसरे स्पष्टीकरण आयनीकरणातील बदलाचे आहे. यात वायू जागचा हलण्याची आवश्यकता नसते. क्वेसारचे तेज बदलते किंवा मधला आडोसा विरळ-दाट होतो. परिणामी वायूवर पडणारे आयनकारी प्रारण बदलते. प्रारण वाढले की कार्बन आयन आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो व शोषणरेषा क्षीण होते. प्रारण घटल्यास वायूतील इलेक्ट्रॉन आयनांशी पुन्हा संयोग पावतात. या पुनःसंयोगाला लागणारा काळ वायूच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, कारण दाट वायूत आयनाला इलेक्ट्रॉन लवकर भेटतो. रेषा एका वर्षात बदलली असेल, तर घनता दर घन सेंटिमीटरला किमान काही हजार इलेक्ट्रॉन असली पाहिजे, असे गणित सांगते. घनता व आयनीकरणाची पातळी माहीत झाली की प्रारणाची तीव्रता कळते आणि तीव्रतेवरून अंतर काढता येते. तेजस्वी क्वेसारसाठी नेहमी गृहीत धरली जाणारी मूल्ये घेतल्यास ही अंतराची वरची मर्यादा कित्येकशे पार्सेक इतकी येते.

एकाच निरीक्षणातून निघणाऱ्या या दोन उत्तरांत हजारपटीहून अधिक तफावत पडते, ही बाब लक्षणीय आहे.

यांपैकी कोणते स्पष्टीकरण योग्य? दोन्ही बाजूंना पुरावा आहे. एकाच क्वेसारमध्ये वेगवेगळ्या वेगांच्या अनेक शोषणरेषा असतात. एक रेषा नाहीशी होताना उरलेल्या रेषाही बहुधा क्षीण होतात, असे फिलिझ अक यांच्या अभ्यासात आढळले. या रेषांच्या वेगांत सेकंदाला १०,००० कि.मी.हून अधिक फरक असूनही असे घडते. परस्परांपासून स्वतंत्र असलेले ढग एकाच वेळी बाजूला सरकतील, हे संभवनीय नाही. सर्वांवर पडणारा प्रकाश बदलला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दुसऱ्या बाजूस, काही क्वेसारमध्ये फॉस्फरसच्या शोषणरेषा दिसतात. सूर्यातील प्रमाण पाहता फॉस्फरस हा कार्बनच्या जेमतेम एक सहस्रांश असतो. अशा दुर्मीळ मूलद्रव्याची रेषा दिसते, त्याअर्थी कार्बनची रेषा संपृक्त झालेली असली पाहिजे. संपृक्त रेषेवर आयनीकरणातील लहान बदलाचा परिणाम होत नाही. तरीही ती बदलत असेल, तर वायूने झाकलेला तबकडीचा भागच बदलला असावा. तात्पर्य, दोन्ही प्रक्रिया निसर्गात कार्यरत आहेत. मोठ्या नमुन्यांवरील सांख्यिकीय अभ्यासांचा कल आयनीकरणाकडे आहे, तथापि प्रत्येक क्वेसारचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

६. अंतराचा प्रश्न महत्त्वाचा का?

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवून दिले की, दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान आणि तिच्या मध्यवर्ती फुगवट्यातील ताऱ्यांच्या वेगांचा विस्तार यांत निकटचा संबंध आहे. कृष्णविवराचा गुरुत्वीय प्रभाव दीर्घिकेच्या अत्यंत लहान भागापुरता असतो. मग दोहोंची वाढ एकमेकांशी कशी जुळते? क्वेसारमधील वायुप्रवाह दीर्घिकेतील वायू तापवतो किंवा बाहेर ढकलतो, त्यामुळे नवे तारे बनणे थांबते आणि कृष्णविवराचे खाद्यही संपते, असे उत्तर दिले जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दि मातेओ, स्प्रिंगेल व हर्नक्विस्ट यांच्या संगणकीय प्रतिमानात क्वेसारच्या तेजाच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा वायूला मिळते असे गृहीत धरले होते. २०१० मधील हॉपकिन्स व एल्विस यांच्या प्रतिमानानुसार अर्धा टक्काही पुरेसा ठरू शकतो.

प्रत्यक्ष प्रवाहात एवढी ऊर्जा असते काय, हे ठरवण्यासाठी अंतर आवश्यक आहे. दृष्टिरेषेतील वायूचे प्रमाण व वेग तेच ठेवले, तर प्रवाहाची गतिज शक्ती अंतराच्या सम प्रमाणात वाढते. वायू ०.४ पार्सेकवर असेल, तर तो दीर्घिकेच्या दृष्टीने क्षुल्लक ठरू शकतो. तोच वायू ४०० पार्सेकवर असेल, तर त्याची शक्ती हजारपट ठरते आणि तो दीर्घिकेचे भवितव्य बदलू शकतो. नाहुम अराव व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गंधकाच्या रेषांवरून घनता मोजून दाखवले की, किमान निम्मे वायुप्रवाह १०० पार्सेकहून दूर आणि किमान १२ टक्के १००० पार्सेकहून दूर आहेत. शोषणरेषांतील बदलांचा अर्थ लावण्याचा वरवर तांत्रिक वाटणारा वाद दीर्घिकांच्या इतिहासाशी येथे जोडला जातो.

७. विश्वाच्या इतिहासातील वायुप्रवाह

आतापर्यंतचे विवेचन काही वर्षांतील बदलांसंबंधी होते. विश्वाच्या वाढत्या वयाबरोबर क्वेसारमधील वायुप्रवाह बदलले काय, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. मानुएला बिस्केत्ती व सहकाऱ्यांनी चिलीमधील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेल्या ३० क्वेसारच्या वर्णपटांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. हे क्वेसार ५.८ ते ६.६ ताम्रसृतीचे, म्हणजे विश्वाचे वय १०० कोटी वर्षांच्या आत-बाहेर असतानाचे आहेत. त्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये रुंद शोषणरेषा आढळल्या. नंतरच्या काळातील क्वेसारच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. काही प्रवाहांचा वेग प्रकाशवेगाच्या १७ टक्क्यांपर्यंत होता. आरंभीच्या विश्वात कृष्णविवरे अतिशय झपाट्याने वाढली. त्या वाढीला लगाम घालण्याचे कार्य या प्रवाहांनी केले असावे, असे संशोधकांनी सुचवले आहे.

वायुप्रवाहाच्या अंतर्रचनेविषयीही नवी माहिती मिळत आहे. क्रिझम ही क्ष-किरण वेधशाळा २०२३ मध्ये जपानमधून अवकाशात सोडण्यात आली. तिने पीडीएस ४५६ या क्वेसारमधील प्रवाह प्रकाशवेगाच्या २० ते ३० टक्के वेगाने वाहत असून तो एकसंध नसल्याचे दाखवले. त्यात भिन्न वेगांचे किमान पाच घटक असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. वायू एकसंध न राहता पुंजक्यांच्या स्वरूपात वाहत असेल, तर त्याच्या शोषणरेषा सतत बदलत राहणे ओघानेच येते.

८. निष्कर्ष

१) क्वेसारमधील वायुप्रवाह स्थिर नाहीत. त्यांच्या शोषणरेषांत काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतच्या कालावधीत बदल होतात आणि कालावधी वाढला की बदलाचे प्रमाणही वाढते.

२) दृष्टिरेषेतील एखाद्या शोषणरेषेचे सरासरी आयुष्य शतकाच्या आसपास आहे. रेषेची खोली वारंवार बदलते, मात्र वेग क्वचितच बदलतो.

३) वायूच्या पुंजक्यांचे आडवे सरकणे आणि आयनीकरणातील बदल ही दोन्ही कारणे वास्तव आहेत. त्यांतील निवडीवर अंतराचे व ऊर्जेचे अनुमान अवलंबून असल्याने केवळ एका रेषेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. अनेक मूलद्रव्यांच्या रेषा एकत्र तपासणे हाच खात्रीचा मार्ग होय.

४) आरंभीच्या विश्वात असे प्रवाह अधिक प्रमाणात होते, असे उपलब्ध पुरावा दर्शवतो.

आज आपल्याला दिसणाऱ्या एखाद्या क्वेसारमधील वायूचा पडदा पुढील पिढीच्या निरीक्षकांना कदाचित दिसणार नाही. म्हणूनच आज घेतलेला प्रत्येक वर्णपट काळजीपूर्वक जतन करणे हे या विषयातील संशोधनाइतकेच महत्त्वाचे कार्य आहे. काही दशकांपूर्वीच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या, म्हणूनच या बदलांचे ज्ञान आपल्याला होऊ शकले.